ब्रिटनमधली ड्रायव्हिंग टेस्ट: तारीख मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

या वेळच्या टपालात ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलांची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचा विषय एकच: टेस्टची तारीख मिळत नाही. (उत्तरं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरती आहेत. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.)

प्रश्न: मी मास्टर्ससाठी बर्मिंगहॅमला आलो आहे. पुण्याचं लायसन्स आहे, सहा वर्षं कार चालवतो. ते इथे चालतं असं मित्र म्हणतात. मग आत्ताच टेस्टच्या मागे लागायची गरज आहे का?
— विद्यार्थी, बर्मिंगहॅम

उत्तर: चालतं, पण बाराच महिने, तेही तुम्ही तिथले रहिवासी झाल्यापासून मोजून. तेराव्या महिन्यात तेच लायसन्स खिशात ठेवून गाडी काढलीत तर ती विनापरवाना ठरते आणि विम्याचंही संरक्षण राहत नाही. भारतीय लायसन्स देऊन ब्रिटिश लायसन्स बदलून मिळत नाही. ज्या देशांना ही सवलत आहे त्यांच्या यादीत भारत नाही. सहा वर्षांच्या अनुभवाचा उपयोग फक्त टेस्टमध्ये होईल, आणि तोही पूर्ण नाही (चौथं उत्तर वाचा).

म्हणून पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सचा ऑनलाइन अर्ज करा, ३४ पौंड लागतात. ते हातात आलं की थिअरी, म्हणजे संगणकावरची नियमांची परीक्षा, २३ पौंड. ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत. त्यानंतर रस्त्यावरचे धोके ओळखायच्या व्हिडिओ क्लिप असतात, त्यात ७५ पैकी ४४ गुण लागतात. प्रश्न पाठ करून जाणारी मुलं अडकतात ती क्लिपमध्येच. धोका दिसला की माउस सारखा दाबत राहतात. संगणक ते अंदाजपंचे क्लिक समजतो आणि त्या क्लिपला शून्य देतो. थिअरी पास झालात की त्याच दिवशी प्रॅक्टिकलची तारीख घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची सरासरी प्रतीक्षा २२ आठवड्यांची होती. एकदा नापास झालात तर वर्षाचं गणित तिथेच कोलमडतं.

प्रश्न: मुलगी लीड्सजवळ वृद्धांच्या घरी जाऊन सेवा देण्याचं काम करते. गाडी नसल्याने तिला जवळच्याच पाळ्या मिळतात. फेसबुकवर एक जण ३०० पौंडांत पुढच्या आठवड्याची तारीख देतो म्हणतो. पैसे पाठवू का?
— वडील, कोल्हापूर

उत्तर: पाठवू नका. सरकारी शुल्क कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ७५. वरचे पैसे काळ्या बाजाराचे. तारखा खुल्या झाल्या की काही लोक बॉट (आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम) लावून त्या उचलतात आणि चढ्या भावाने विकतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२५ च्या अहवालात ५०० पौंडांपर्यंतचे दर नोंदवले आहेत. शिवाय विकणारा मुलीचा लायसन्स क्रमांक मागणारच. पैसे बुडाले तर बुडाले, पण तो क्रमांक परत घेता येत नाही.

रांग मुळात का लागली? करोनाच्या काळात सुमारे ११ लाख टेस्ट झाल्याच नाहीत, त्याआधी सरासरी प्रतीक्षा पाचेक आठवड्यांची होती. परीक्षक पुरेसे टिकत नाहीत. आणि उशीर होणार हे कळल्यावर मुलं तयारी नसतानाच तारीख अडवून ठेवू लागली, त्याने रांग आणखी लांबली. प्रतीक्षा सात आठवड्यांवर आणायचं सरकारचं उद्दिष्ट आधी २०२५ अखेरचं होतं. लेखापरीक्षणाच्या अहवालानुसार ते नोव्हेंबर २०२७ पर्यंत गाठलं जाणार नाही.

मुलीने मिळेल ती तारीख स्वतः सरकारी संकेतस्थळावर घ्यावी आणि रद्द झालेल्या जागा तिथेच रोज पाहाव्यात. अशा जागा खरंच निघतात. एक पथ्य मात्र आहे. सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नियमांप्रमाणे २०२६ च्या वसंतापासून बुकिंग फक्त शिकणाऱ्यानेच करायचं आणि ते दोनदाच बदलता येणार. चार दिवस आधीची जागा दिसली म्हणून एक बदल खर्ची घालू नये, महिना-दीड महिना वाचत असेल तरच घालावा.

प्रश्न: ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिली तर रांग लहान असते का?
— वाचक, स्लाउ

उत्तर: नाही, रांग तीच. ऑटोमॅटिकवर पास झालात तर पुढे गिअरची गाडी चालवता येत नाही, एवढाच फरक. कामावर गिअरची व्हॅन मिळणार असेल तर हा मोह टाळा.

प्रश्न: पाच महिने थांबून टेस्ट दिली आणि नापास झाले. भारतात चार वर्षं गाडी चालवली आहे. थिअरीला सव्वा वर्ष झालं. आता?
— वाचक, लेस्टर

उत्तर: पुढची टेस्ट कामाचे किमान दहा दिवस गेल्यावरच देता येते, पण बुकिंग आजच करा. थिअरीचा निकाल दोन वर्षं चालतो आणि त्याला मुदतवाढ नाही. तुमच्याकडे नऊ महिने उरलेत, म्हणजे पाच महिन्यांची रांग धरली तर एकच खात्रीची संधी.

निम्म्याहून थोडे अधिक उमेदवार नापास होतात. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ असतात, गंभीर चूक एक झाली की संपलं. भारतातही डावीकडूनच चालवतो, त्यामुळे आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं, आणि घात तिथेच होतो. कडेला उभी गाडी हलवताना आपण आरशात बघतो आणि निघतो. तिथे उजव्या खांद्यावरून मागे वळून बघावं लागतं, कारण आरशात न येणारा सायकलस्वार नेमका तिथे असतो. परीक्षक तुमची मान वळते का ते पाहतो. राउंडअबाउटवर (गोल चौकात) उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, आपल्यासारखं नाक घालून जागा करायची नाही. पण रस्ता मोकळा असताना ताटकळत राहिलात तर तीही चूकच. वेग म्हणाल तर वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, आणि ३० ची सवय पायाला कळत नाही.

टेस्टच्या साधारण महिनाभर आधी प्रशिक्षकासोबत पूर्ण ४० मिनिटांची सराव टेस्ट द्या. त्यात गंभीर चुका निघाल्या तर तारीख पुढे ढकलायला वेळ राहतो. कामाच्या दहा दिवसांपेक्षा कमी उरले की शुल्क परत मिळत नाही.

प्रश्न: गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच लागते का?
— तेच पत्र

उत्तर: नाही, स्वतःची चालते. टेस्टसाठी विमा, रस्ता कर आणि एमओटी (तीन वर्षांपुढच्या गाडीची वार्षिक तपासणी) चालू हवेत, एल प्लेट पुढे-मागे दिसायला हवी, परीक्षकासाठी आतला जादा आरसा हवा आणि डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा पेटलेला नको. यातलं एक जरी चुकलं तरी टेस्ट होत नाही आणि शुल्क जातं. तो जादा आरसा पाच-दहा पौंडांत मिळतो, काचेला चिकटवायचा असतो. आदल्या रात्रीच लावून बघा, थंडीत त्याचं रबर काच सोडतं.