पुराची मदत वडिलांच्या नावावर, आणि वडील नाहीत

माढा तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका वाचकाने विचारलंय: सप्टेंबर २०२५च्या पुरात दीड हेक्टर रान खरडून गेलं. पंचनामा झाला, मदतीच्या यादीत नाव लागलं, पण ते वडिलांचं. ते २०२१ साली वारले. केवायसीला अंगठा कोणाचा देणार? हायकोर्टात रिट करू का?

मोहोळ, करमाळ्याकडूनही हेच विचारणारी पत्रं येताहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. रिट तूर्त विसरा. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचते, हे खरं. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठाय? खरडलेल्या जमिनीचे हेक्टरी ४७,००० रुपये ज्या निकषांतून मिळतात, त्यांत अट आहे की जमीन महसुली नोंदींप्रमाणे त्या अल्प वा अत्यल्पभूधारकाच्या मालकीची हवी. तुमचं सगळं घोडं या अटीपाशी अडलंय.

आणि ते अडवलंय तुम्हीच. जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं, वारसाहक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. तुम्ही चार वर्षं थांबलात. कारण काय, तर ‘पुण्याचा भाऊ वाटणीला तयार नाही आणि बहिणींचं हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) राहिलंय.’ अहो, वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे! आई, भाऊ, बहिणी, सगळ्यांची नावं सामाईक लागतात, कोणाचा हिस्सा त्याने कमी-जास्त होत नाही. भावाच्या होकाराची वाट बघायचं कारणच नव्हतं. हक्कसोड मागाहून, रजिस्टर दस्ताने करा. बहिणींची नावं गाळून अर्ज करा असं कोणी सुचवलं तर मुळीच ऐकू नका, अशी नोंद अपिलात टिकणं अवघड.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर किंवा तलाठ्याकडे द्या. नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात. हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. भावाने हरकत घेतलीच, तर ती तक्रारी, म्हणजे वादातली, नोंद होते, आणि तिला किती महिने लागतील हे छातीठोकपणे सांगणारा वकील मला अजून भेटायचाय. निकाल विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस. निदान ही मुदत तरी चुकवू नका.

दरम्यान तहसीलदारांना लेखी कळवा की खातेदार मयत आहेत, वारस नोंदीचा अर्ज दिलाय, रक्कम राखून ठेवावी. आवक शिक्क्याची पोच घ्या. रक्कम ठेवतील की परत पाठवतील, हे तालुक्यावर अवलंबून. सगळी रक्कम एकाच्या खात्यात हवी असेल तर मात्र इतर वारसांचं संमतीपत्र बहुधा मागतील, तिथे भाऊ लागेलच.

पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात काढा. त्यात ‘जमीन खरडली’ असं आहे की नुसतं ‘पीक नुकसान’, ते बघा. दोन्हींचे दर निराळे आहेत, आणि सही करताना तुम्ही तो कागद वाचलेला नाही असं पत्रावरून दिसतं. रोहयोतून जाहीर झालेले हेक्टरी तीन लाख कामाच्या रूपाने आहेत, रोख नाहीत. तिथेही सातबारा लागणार.

मृत्यू दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळू’ आणि उताऱ्यावर ‘बाळासाहेब’ आहे ना? दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, नाहीतर त्याच त्रुटीवर अर्ज परत येईल.