पेरॉक्साइड इंजिन आणि उत्प्रेरक: वाचकांचे प्रश्न

हायड्रोजन पेरॉक्साइड उत्प्रेरकावरून सोडलं की तापलेली वाफ आणि ऑक्सिजन मिळतो, हे रॉकेटवेड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. गोंधळ त्यापुढचा आहे आणि पत्रांतून तोच तोच येतो, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

केमिस्टकडच्या ‘20 व्हॉल्यूम’ बाटलीवर इंजिन चालेल?
नाही. तो आकडा टक्क्यांचा नव्हे. त्यात पेरॉक्साइड जेमतेम 6 टक्के असतं. आणि ते घरी आटवण्याच्या व्हिडिओंच्या नादी अजिबात लागू नका.

चांदीची जाळी सर्वांत चांगली असं ऐकलं. 98 टक्के पेरॉक्साइडला चालेल?
ऐकीव माहितीवर इंजिन बांधू नका. ब्रिटनच्या ब्लॅक ॲरो रॉकेटने 1971 साली उपग्रह कक्षेत नेला तो चांदीचा मुलामा दिलेल्या निकेलच्या जाळ्यांवरच, पण त्यातलं पेरॉक्साइड 85 टक्के होतं. 98 टक्क्यांचा वायू साडेनऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि चांदी 962 ला वितळते. तिथे सिरॅमिकवरचं मँगनीज ऑक्साइड किंवा प्लॅटिनम बघा, तेही चाचण्या घेतलेल्या तज्ज्ञाला विचारून.

विक्रेता म्हणतो, कुठलंही पेरॉक्साइड वापरा, उत्प्रेरक टिकतो.
त्याच्याकडे मालाचं लेखी पृथक्करण मागा. साठवणीत पेरॉक्साइड टिकावं म्हणून घातलेले स्टॅनेट आणि फॉस्फेट हे क्षार चांदीवर थर धरतात. मग विघटन उशिरा सुरू होतं आणि नोझलमधून पांढरं, ओलं धुकं येतं. ते दिसलं की चाचणी तिथेच थांबवा.

उत्प्रेरक जोडलाच नाही, तर टाकी घट्ट बंद ठेवायला काय हरकत?
मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. तुम्ही जोडता तेवढाच उत्प्रेरक नसतो. गंज, पितळेचा जोड, तांब्याचं वॉशर, साधी धूळसुद्धा तेच काम करते. विघटनातून उष्णता निघते, उष्णतेने विघटन आणखी वाढतं आणि बंद टाकीत वायूला वाट नसते. बॉल व्हॉल्व्ह (आत आरपार भोकाचा फिरता गोळा असलेली झडप) बंद केला की गोळ्याच्या पोकळीत थोडं पेरॉक्साइड कोंडतं. तेवढंही व्हॉल्व्ह फोडायला पुरतं. म्हणून त्या गोळ्याला टाकीच्या बाजूने बारीक भोक लागतं. ते आहे का, हे स्वतः व्हॉल्व्ह सुटा करून पाहा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. 1955 साली ब्रिटिश पाणबुडी सायडनवर 13 माणसं गेली, 2000 साली रशियाच्या कुर्स्कवर 118. दोन्हीकडे सुरुवात टॉर्पेडोतल्या पेरॉक्साइडने झाली. टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह यांचा आराखडा अनुभवी रसायन अभियंत्याने तपासल्याशिवाय एक लिटरही भरू नका.

हे तंत्र आता बाद झालं ना?
नाही. रशियाच्या सोयुझ रॉकेटचे टर्बोपंप (इंजिनात इंधन ढकलणारे पंप) आजही पेरॉक्साइडवर फिरतात.