वही काढली की बायका गप्प का होतात?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, एम.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीत दर मंगळवारी सकाळी फायनान्स कंपनीच्या छोट्या कर्जाचा हप्ता भरायला बायका एका घराच्या पडवीत जमतात, माझी आत्ती पण त्यात आहे. त्यावरच डेझर्टेशन करायचं ठरवलंय. गाइड म्हणाले सत्ता आणि पाळत या अंगानं बघ, फुको हा फ्रेंच विचारवंत वाच. वाचला, म्हणजे जेवढा कळला तेवढा, पण तिथे तुरुंग आहे, मधोमध टॉवर आहे, आमच्याकडे वीसेक बायका चटईवर बसून नोटा मोजतात, बस. ह्यात पाळत कुठली? आणि दुसरं, एरवी माझ्याशी तास तास बोलणाऱ्या बायका मी वही काढली की एकदम गप्प. काय करू?

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. त्या पडवीत वही म्हणजे काय हे बायकांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. वहीत हजेरी असते, हप्ता असतो, कोण आली नाही ते असतं. आता तू अजून एक वही घेऊन बसलीस तर त्यांनी काय समजायचं?

मी स्वतः इथेच चुकले होते म्हणून सांगते. निपाणीकडच्या एका गावात पहिल्यांदा फिल्डवर जायचं होतं, बस चुकली, मग वसुलीला निघालेल्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. पोरगा साधा होता, हसतमुख. पण अख्ख्या गल्लीनं मला त्याच्या गाडीवरून उतरताना बघितलं आणि तिथेच माझा महिना गेला. जिला विचारावं ती म्हणायची, चांगलं हाय की, काय त्रास न्हाई. एक आजी तर मी काही विचारायच्या आधीच आत गेली, साडीच्या घडीतून कर्जाचं कार्ड काढून आणलं आणि एकेका सहीवर बोट ठेवून दाखवायला लागली, बघा, एक बी चुकलेला न्हाई. मी तेव्हा ते आनंदानं लिहून घेतलं. ती मला माहिती देत नव्हती, हिशोब देत होती, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

म्हणजे पाळत कुठली म्हणतेस ना, तुझ्या वहीपासूनच सुरू कर. खरंच एक प्रकरण त्यावर लिही.

आता फुको. १९७५ च्या त्याच्या तुरुंगावरच्या पुस्तकातला (इंग्रजीत ‘डिसिप्लिन अँड पनिश’) मुद्दा टॉवरचा नाही, दिसण्याचा आहे. कैद्याला वरचा माणूस दिसत नाही पण आपण त्याला कधीही दिसू शकतो हे माहीत असतं, म्हणून वर कुणी असो नसो तो स्वतःच शिस्तीत वागतो. तुझ्या पडवीत तसं नाहीये, तिथे सगळ्याजणी सगळ्यांना बघतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. त्यामुळे ओढून ताणून टॉवर शोधू नकोस. आपल्याकडे शेजारीण म्हणते ना, जरा घराकडे लक्ष ठेव गं, मी जाऊन येतो. (हो, आपल्या भागात बायका येतो जातोच म्हणतात, ते तसंच लिहायचं, पुण्याच्या परीक्षकाला चूक वाटली तरी बदलायचं नाही.) हे लक्ष ठेवणं म्हणजे आपुलकी. आणि मंगळवारी तेच लक्ष पाळत होतं, डोळे तेच, गल्ली तीच. हे नेमकं कधी आणि कुणामुळे बदलतं, तुझा विषय हा आहे.

यामागची रचना नीट समजून घे. बांगलादेशात १९८३ ला ग्रामीण बँक उभी राहिली, मुहम्मद युनूस आणि त्या बँकेला २००६ ला नोबेल मिळालं, तिथून हे मॉडेल जगभर पसरलं. गरीब बाईकडे तारण ठेवायला ना जमीन ना सोनं, म्हणून पाच जणींचा गट करायचा, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांचं पुढचं कर्ज अडणार. थोडक्यात शेजारपणच गहाण. लामिया करीम नावाच्या संशोधिकेनं बांगलादेशातच यावर काम केलंय, ती म्हणते की तिथे बाईची अब्रू आणि लाज हेच तारण झालं. तुझ्या गाइडना हे नाव सांग, फुकोपेक्षा तुझ्या पडवीच्या जवळचं आहे.

मग रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे मायक्रोफायनान्सचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या अशा छोट्या कर्जांचे, नियम काढून वाच, कंटाळवाणे वाटतील पण सोनं आहे त्यात. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही, थकबाकीदाराचं नाव जाहीर करायचं नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच करायची, बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच माणसानं तिच्या घरी किंवा कामावर जायचं. कागदावर चांगलंच आहे. आता पडवीत बस आणि बघ. एक बाई आलेली नाही, बाकीच्या थांबल्यात, कुणाला भात लावायला जायचंय, कुणाचं पोर शाळेत सोडायचंय, वसुलीचा पोरगा काही बोलत नाही, नुसता टॅबवर बोट फिरवत बसलाय. मग त्यांच्यातलीच एक उठते, पदर खोचते, म्हणते बघून येतो मी. आणि त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहते, सगळी गल्ली बघत असते. कंपनीनं कुणाचं नाव जाहीर केलेलं नाही, कुणाला फोन नाही, एकही नियम मोडलेला नाही, नियम कंपनीला आणि तिच्या माणसांना असतात, शेजारणीला नसतात. पडवीपासून त्या दारापर्यंतची जी काय चाळीस पन्नास पावलं असतील ना, तुझं डेझर्टेशन तिथे आहे. कोण उठते, दर वेळी तीच का, तिचं स्वतःचं कर्ज किती, परत आल्यावर ती काय सांगते, खरं की झाकून, हे सगळं बघ.

आणि तो टॅब. कर्जाची माहिती क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, जाते, बायका त्याला सरसकट सिबिल म्हणतात. ती नोंद पडवीत कुणालाच दिसत नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो तुमचं बसत नाही, आणि का ते सांगत नाही. इथे मात्र फुको परत घे, इथे तो लागू पडतो.

अजून एक, आपल्या भागात हे सोडून चालणारच नाही. कार्ड आणि करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा असं त्याच नियमांत आहे. तुझ्या आत्तीचं कार्ड कुठल्या भाषेत आहे? १९५६ ला आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेल्यापासून आपल्याकडे घरात मराठी आणि कागदावर कन्नड असं चाललंय, त्यामुळे जिला कन्नड वाचता येतं ती पडवीत आपोआप मोठी होते, कुणाचे किती राहिले ते तिला माहीत. सीमाप्रश्नाचं भाषण त्यात घालू नकोस, नुसतं एवढंच नोंदव की कागद कोण वाचून दाखवतं आणि त्या बदल्यात तिला काय मिळतं, मान, चहा, की पहिलं कर्ज. तसंच पडवी कुणाची आहे, कुठल्या जातीच्या घराची, कोण उंबऱ्याच्या आत बसतं आणि कोण पायरीवर. आणि ज्यांना गटात घेतलंच नाही त्यांच्याकडे जाच, त्यांचा हप्ता नसतो म्हणून त्या मोकळं बोलतात.

फेब्रुवारी २०२५ ला कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला तो पण बघ, गावात त्यानंतर बोलण्यात काय फरक पडला ते विचार.

आता माझं स्पष्ट मत. स्वतःच्या गल्लीत हे करू नकोस. आत्ती आहे म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण तू लिहिलेलं कुणीतरी वाचलं तर हप्ता भरायला पुढच्या मंगळवारी आत्तीला तिथेच बसायचंय, तुला नाही. दोन तीन गावं सोडून जा, आणि बसनं जा. पडवीत वही काढायचीच नाही, घरी येऊन लिहायचं. पण लपवायचं पण नाही, पहिल्याच दिवशी मराठीत सरळ सांगायचं मी कशाला आले, काय लिहिणार, कुणाचं नाव येणार नाही, नको असेल तर सांगा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखव, वहीला हात लावू दे, खोडायला सांगितलं तर त्यांच्यासमोर खोड. रकमेचा प्रश्न चारचौघीत कधीच विचारायचा नाही. आणि वहीची एक प्रत वेगळ्या जागी ठेव, मैसूरकडच्या रामपुरा गावावर काम करणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० ला स्टॅनफर्डच्या आगीत एकदम जळाल्या, कारण तिन्ही एकाच ठिकाणी होत्या.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत कॅमेरे बसवलेत, मुलींना ते आवडत नाही. सेमिनार पेपरात त्याला पॅनॉप्टिकॉन म्हटलं तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : चालेल, पण नुसतं नाव देऊन पेपर होत नाही. पॅनॉप्टिकॉन म्हणजे वर आलेला फुकोचा तोच मधोमध टॉवर असलेला तुरुंग. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंतानं ही कल्पना तुरुंगासाठी मांडली असं आपण पाठ करतो, पण मुळात ती त्याच्या भावाची, सॅम्युएलची, रशियात कामगारांवर लक्ष ठेवता यावं म्हणून त्यानं कारखान्यासाठी काढलेली. म्हणजे पहिल्यापासूनच प्रश्न होता की कोण कुणाला कामाला लावतंय. तुमच्या अभ्यासिकेत जाऊन एवढं विचारून ये : स्क्रीन कुणाच्या टेबलावर आहे, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, आणि एखाद्या मुलीनं स्वतःचं रेकॉर्डिंग बघायला अर्ज केला तर त्यावर कुणाची सही लागते. मिळेल ते लिहून पाठव, नाही मिळालं तर कोण काय म्हणालं ते शब्दन् शब्द लिहून पाठव.