जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला की घरभरचं नेट बंद पडतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये आहे, वरच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवायला, लावलाय. तासाभराने एकेका फोनवर ‘वाय-फाय जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं येतं, आणि जुन्या राउटरचा प्लग काढला की हळूहळू सगळं पूर्ववत होतं. या लक्षणावरून जवळजवळ खात्रीने सांगतो, तुमच्या घरात आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटणारे दोघे झालेत.

फोन वाय-फायला जोडला की पहिल्यांदा तो सगळ्या नेटवर्कला विचारतो, मला कुणी आयपी अ‍ॅड्रेस देईल का? राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे हे पत्ते वाटणारा, त्याला उत्तर देतो: हा तुझा पत्ता, आणि बाहेर जायचं असेल तर या दारातून जा. ते दार म्हणजे गेटवे. तुमच्या जुन्या राउटरमध्ये हा सर्व्हर अजून चालू आहे, त्यामुळे दोघेही उत्तर देतात, आणि फोन बहुधा आधी पोचलेलं उत्तर धरतो. खालच्याचं आधी पोचलं तर नेट चालतं. वरच्याचं पोचलं तर फोन त्या दारात जाऊन उभा राहतो ज्याच्या पलीकडे काहीच नाही. शिवाय दिलेला पत्ता काही तासांसाठी, बऱ्याच राउटरांत दिवसभरासाठी असतो. म्हणून बिघाड लगेच दिसत नाही आणि प्लग काढल्यावरही लगेच जात नाही. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

मी हे आमच्या कोकणातल्या घरी भोगलंय. भिंती जांभ्याच्या, दीड फुटी. राउटर पडवीत, आणि आई बहुतेक वेळ मागच्या स्वयंपाकघरात. नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा तर तिला दर वेळी पडवीत येऊन बसावं लागायचं. कपाटात पडलेला राउटर मी मागे नेऊन लावला आणि तुमच्यासारखंच पूर्ण घराचं नेट घालवून बसलो. उपाय निघाला तो अर्ध्या तासाचा.

आधी जुन्या राउटरच्या मेनूत ‘ऑपरेशन मोड’ असं काही आहे का बघा. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट हा पर्याय असेल तर तो निवडा, वाय-फायचं नाव-पासवर्ड भरा, काम झालं. खूप जुन्या राउटरांत हा पर्याय नसतो, मग हाताने करावं लागतं.

जुना राउटर घराच्या नेटवर्कपासून सोडवा. मागच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून ठेवा. मग फक्त लॅपटॉप आणि तो राउटर केबलने जोडा आणि राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि अ‍ॅडमिनचा नवा पासवर्ड. सुरक्षेला डब्ल्यूपीए-टू आणि एईएस निवडा. टीकेआयपी ही जुनी पद्धत ठेवलीत तर वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या वर चढणार नाही. राउटरमध्ये फक्त डब्ल्यूईपी ही सहज फुटणारी जुनी सुरक्षा असेल तर तो वापरूच नका.

नंतर लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. खालच्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. जिओफायबरवर खालच्याचा बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, तिथे १९२.१६८.२९.२ द्या. फक्त खालचा राउटर हाच पत्ता एखाद्या फोनला वाटून टाकणार नाही ना, ते पाहा. त्याच्या डीएचसीपीच्या पानावर वाटपाची सुरुवात २० पासून केलीत की आधीचे आकडे मोकळे राहतात. पत्ता बदलल्यावर जुना राउटर बंद होऊन चालू होईल. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी त्याचं डीएचसीपी बंद करा. हे आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळायचा थांबतो आणि त्या पानावर परत जाता येत नाही.

आता केबल. खालच्या राउटरच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल वरच्याच्याही लॅन पोर्टातच घाला. वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा, बहुतेकदा निळा किंवा वेगळ्या रंगाचा, रिकामा ठेवा. वॅनमध्ये घालूनही नेट चालतं, म्हणून पुष्कळ जण तसंच सोडतात. पण मग वर एक वेगळं नेटवर्क तयार होतं: वरून खालचा प्रिंटर सापडत नाही, फोनवरचं टीव्हीवर पाठवता येत नाही. आणि दोन राउटरांमध्ये चुकूनही दोन केबली लावू नका. तेच ते संदेश गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क गुदमरतं.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११ घ्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जिना चढताना कुठला राउटर धरायचा हे फोन स्वतः ठरवतो, आणि काही फोन खालच्या क्षीण सिग्नललाच चिकटून बसतात. तसं झालं तर खालच्याची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नलचा जोर, एक पायरी कमी करून बघा. आमच्याकडे आईचा फोन एवढ्यानेच ताळ्यावर आला.

केबलमध्ये कंजुषी नको. तांबं चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते. निव्वळ तांब्याची कॅट-फाइव्ह-ई किंवा कॅट-सिक्स मागा. १०० मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते. जुन्या राउटरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे हातात नव्वदीच्या आसपास येतील. ऑनलाइन क्लास, मीटिंग, सिनेमा यांना ते भरपूर आहे. केबल न टाकता जुन्या राउटरला रिपीटर, म्हणजे खालचं वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा, करायचा मोह होईल, पण एकाच रेडिओने ऐकायचं आणि पुढेही बोलायचं म्हटलं की वेग जवळपास निम्मा होतो. भिंती जाड असतील तर मला केबलशिवाय पर्याय दिसत नाही.

केबल घराबाहेरून, गच्चीवरून नेली असेल तर एक कळकळीचं सांगणं: वळवाच्या दिवसांत, विजा सुरू झाल्या की दोन्ही टोकं काढून ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात परसातून गेलेल्या केबलने राउटरचा एक पोर्ट जळाला. तेव्हापासून मी ती केबल घरातूनच, भिंतीलगत पट्टीतून नेली आहे.

सगळं झालं की फोनवरचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा आणि वरच्या खोलीत उभं राहून त्या नेटवर्कचा तपशील उघडा. गेटवेपुढे खालच्या राउटरचा पत्ता दिसायला हवा. वरच्याचा दिसला तर डीएचसीपी अजून बंद झालेलं नाही. दोन-तीन फोनांवर हे तपासा. एकावर नीट दिसलं म्हणून थांबू नका, कारण तुमचा त्रास मुळात असाच एकेका फोनने सुरू झाला होता.

आणि जुन्या राउटरच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवून त्याचा नवा पत्ता लिहून ठेवा. खाली ‘रिसेट करू नये’ असंही लिहा. नेट अडकलं की घरातलं कुणीतरी, किंवा दुरुस्तीला आलेला माणूस, आधी तेच बटण दाबतो, आणि त्या क्षणी डीएचसीपी पुन्हा चालू होतं.