जहाजावरचा पहिला दिवस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीची सुटी जवळ आल्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे क्रूझच्या सहलीविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख पहिल्या दिवसावर आहे. प्रवासी जहाजांवर पाहुण्यांच्या व्यवस्थेचे काम मी अनेक वर्षे केले असल्याने या दिवसाविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रश्न : आम्ही पाचजण, म्हणजे ७४ वर्षांच्या सासूबाई, आम्ही दोघे आणि ११ व ५ वर्षांची मुले, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर जाणार आहोत. जहाजावर रात्री थोड्याच मिळणार असल्यामुळे पहिल्या दिवसाचा एकही तास वाया जाऊ नये, असे वाटते. त्या दिवसाची आखणी कशी करावी? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : आपली घाई मला समजते, तरीही पहिल्या दिवशी कमीत कमी गोष्टी ठरवा, असाच माझा सल्ला आहे. हा दिवस जहाज ओळखीचे करून घेण्याचा आहे. ज्या कुटुंबाला पहिल्या संध्याकाळी आपली केबिन, जिने, जेवणाची जागा आणि संकटकाळी जमण्याची जागा न चुकता सापडते, त्या कुटुंबाचे पुढचे दिवस सुखाचे जातात. जे पहिल्याच दुपारी तरणतलाव, जादूचे प्रयोग आणि खरेदी यांच्या मागे धावतात, त्यांची मुले रात्रीच्या जेवणाला टेबलावरच झोपी जातात, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

मुंबईचे जहाज बॅलार्ड पियर येथील क्रूझ टर्मिनलवरून सुटते. तेथील नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. डोंबिवलीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून पुढे टॅक्सी केल्यास अंतर फार नाही. पण सामान आणि सासूबाई यांचा विचार करता घरापासून गाडी करणे बरे. तिकिटावर दिलेली हजर राहण्याची वेळ पाळा. फार लवकर गेल्यास रांगेत ताटकळावे लागते आणि उशिरा गेल्यास दार बंद होते, कारण जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश थांबवला जातो. ऑनलाइन चेक-इन घरीच उरकून त्याचे कागद छापून घ्या. मोठ्यांचे मूळ ओळखपत्र आणि मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला एकाच पाकिटात ठेवा आणि ते पाकीट एकाच व्यक्तीकडे द्या.

आता सर्वांत महत्त्वाची बाब सांगतो. टर्मिनलवर आपल्या मोठ्या बॅगांना केबिनच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या ताब्यात घेतल्या जातात आणि तपासणी होऊन केबिनच्या दाराशी येतात. हजारभर प्रवाशांचे सामान वर चढवायचे असल्यामुळे याला संध्याकाळ होते, कधी रात्रही होते. मी एका जहाजावर असताना एका आजीबाईंचे मधुमेहाचे इंजेक्शन अशाच एका बॅगेत गेले होते. ती बॅग शोधण्यासाठी आम्ही चौघेजण सामानाच्या डेकवर दीड तास फिरत होतो, आणि तो दीड तास त्यांच्या मुलाने कसा काढला, हे मी विसरू शकत नाही. म्हणून सासूबाईंची सर्व औषधे, चष्मा, मुलांचा कपड्यांचा एक जोड, पोहण्याचे कपडे, चार्जर आणि सर्व कागदपत्रे पाठीवरच्या पिशवीतच असू द्या. इस्त्री, पाणी तापवण्याची किटली, मद्य यांसारख्या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात, म्हणून त्या नेऊच नयेत.

जहाजात शिरताना प्रत्येकाचे छायाचित्र घेऊन एक कार्ड दिले जाते. हेच कार्ड केबिनची किल्ली असते, हेच ओळखपत्र असते आणि जहाजावरच्या खर्चाची नोंदही याच कार्डावर होते. ११ वर्षांच्या मुलाच्या कार्डावर खर्च करण्याची मुभा ठेवायची की नाही, हे स्वागतकक्षात त्याच वेळी सांगून टाका. केबिन बहुधा दुपारी तयार होते आणि तोवर सारे प्रवासी बुफेकडे धाव घेतात, म्हणून घरून पोटभर न्याहारी करून निघा आणि गर्दी ओसरल्यावर जेवा. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवून घ्या. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या एका विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरेसे परिणामकारक नसते.

केबिनमध्ये गेल्यावर सासूबाईंना प्रथम न्हाणीघराचा उंबरठा दाखवा. जहाजावरचे उंबरठे घरच्यापेक्षा उंच असतात, कारण पाणी एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये, हा त्यांचा हेतू असतो. वयस्कर माणसे पहिल्या रात्री अंधारात तेथेच अडखळतात, म्हणून न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून झोपा. बाहेरच्या डेकचे दार जड असते आणि वाऱ्याने जोरात आपटते, तेव्हा धाकट्याचे हात दाराच्या चौकटीपासून लांब असू द्या. बाल्कनीची केबिन असेल, तर तेथील खुर्च्या कठड्यापासून दूर सरकवून ठेवा. तरणतलावावर जीवरक्षक असेलच असे गृहीत धरू नका. मुले पाण्यात असताना मोठ्यांपैकी एकाने काठावर बसलेच पाहिजे.

प्रश्न : माझे ८२ वर्षांचे वडील मूळचे रेवसजवळच्या गावचे आहेत. 'रामदास' बोटीच्या अपघातात आमच्या घरातले माणूस गेले, त्यामुळे आम्ही क्रूझचे नाव काढले की ते गप्प होतात. पहिल्या दिवशी जो सुरक्षेचा सराव घेतात, तो केवळ उपचार असतो असे अनेकजण सांगतात. त्याला वडिलांना नेण्याची खरोखर गरज आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या वडिलांच्या गप्प होण्याचा मला मनापासून आदर वाटतो, आणि ही भीती हसण्यावारी नेऊ नये, अशी आपल्याला विनंती आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला तासन्‌तास काही कळलेच नाही. जे वाचले, त्यांतील पुष्कळांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. कोकणच्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत ही आठवण अजून ताजी आहे.

मात्र वडिलांना सराव टाळू देणे हा या भीतीवरचा उपाय नव्हे. उलट, सराव त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत नीट दाखवावा, असे मला वाटते. आपल्याकडे 'मस्टर' म्हटले की कचेरीतले हजेरीपत्रक आठवते, आणि जहाजावरही या शब्दाचा अर्थ हजेरी हाच आहे. संकट आल्यास प्रत्येक प्रवाशाने कोठे जमायचे, ती जागा म्हणजे मस्टर स्टेशन. तिचे अक्षर किंवा क्रमांक आपल्या कार्डावर आणि केबिनच्या दारामागे लिहिलेला असतो. इशाऱ्याचा भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो. तो ऐकल्यावर लिफ्ट न वापरता जिन्याने त्या जागी जायचे असते.

समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये प्रथम झाला आणि पुढे वेळोवेळी बदलला गेला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या नियमानुसार सराव प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. त्यामुळे त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता आणि अंधारात आपण कोठे जायचे, हे त्यांना माहीत नव्हते. यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच हा सराव घेणे बंधनकारक झाले. आपल्याला पहिल्या दुपारी अडवून जी अर्धी घटका मागितली जाते, तिच्यामागे हा इतिहास आहे. तिला उपचार म्हणणाऱ्यांशी मी कधीही सहमत होणार नाही.

आपण असे करावे : केबिन मिळताच, सरावाची घोषणा होण्यापूर्वीच, वडिलांना घेऊन मस्टर स्टेशनपर्यंत सावकाश एक फेरी मारा. त्यांना बाहेर टांगलेल्या बचावनौका दाखवा, लाइफ जॅकेट हातात द्या आणि ते कसे बांधायचे हे त्यांनाच करू द्या. जिने उतरणे त्यांना अवघड जात असेल, तर तिकीट काढतानाच कळवा आणि जहाजावर गेल्यावर पुन्हा सांगा, म्हणजे त्यांच्या मदतीला कर्मचारी नेमला जातो. लहान मूल सोबत असेल, तर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट केबिन सांभाळणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. हल्ली काही जहाजांवर माहितीचा भाग मोबाइलवर किंवा केबिनमधील टीव्हीवर पाहायचा असतो आणि नंतर आपापल्या वेळेत मस्टर स्टेशनवर जाऊन नोंद करायची असते. तेथेही वडिलांसोबत स्वतः जा. 

प्रश्न : मला घाटातल्या एसटीतही मळमळते. जहाजावर पहिल्याच रात्री आजारी पडण्याची धास्ती वाटते. (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या अवयवाला मात्र हालचाल जाणवत असते, या विसंगतीमुळे मळमळ होते. म्हणून त्रास जाणवताच केबिनमध्ये पडून राहण्याऐवजी उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. केबिन निवडता येत असेल, तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवरची निवडावी, कारण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक लागतात. पोट रिकामे ठेवू नये आणि तेलकटही खाऊ नये. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्याव्यात. गोळी घ्यायची असल्यास ती त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि तिने झोप येत असल्याने, शिवाय काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांना ती सोसेलच असे नसल्याने, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून मग होड्या समुद्रात लोटण्याची आपल्या कोळी समाजाची प्रथा अनुभवातून आलेली आहे. पावसाळ्याचा उधाणलेला समुद्र टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गेल्यास अरबी समुद्र बहुधा शांत भेटतो.

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारा मुलगा आम्हा दोघांना नातवंडांसह मायामीहून बहामाला क्रूझने नेणार आहे. जन्मदाखल्यावर काम भागते, असे तो म्हणतो. आम्ही शाकाहारी आहोत. (एक ज्येष्ठ दांपत्य, नागपूर)

उत्तर : अमेरिकेतून निघून तेथेच परतणाऱ्या अशा सहलींत जन्मदाखला आणि छायाचित्राचे ओळखपत्र यांवर चालते, ही सवलत अमेरिकी नागरिकांसाठी आहे, नातवंडांना ती लागू पडेल, आपल्याला नाही. आपल्याजवळ पासपोर्ट हवा आणि पुन्हा अमेरिकेत शिरायचे असल्यामुळे अनेक प्रवेशांची मुभा देणारा व्हिसा हवा. जहाज ज्या ज्या देशात थांबेल, त्याचा नियमही आधी पाहून ठेवावा. जेवणाची आवड तिकीट काढतानाच नोंदवावी आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला स्वतः भेटून अंडे व मासे चालत नाहीत, हे स्पष्ट सांगावे. तो दुसऱ्या दिवशीचे पदार्थ आदल्या रात्रीच विचारून घेतो. जहाज सुटताच मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, कारण किनाऱ्याचे नेटवर्क गेल्यावर फोन जहाजाच्या उपग्रहावरील नेटवर्कशी आपोआप जोडला जातो आणि त्याचे बिल साध्या परदेशी रोमिंगपेक्षाही पुष्कळ अधिक येते.

प्रश्न : मी आठवीत शिकते. मुंबईहून जहाज निघताना डेकवरून काय काय दिसेल? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला. जहाज सुटण्यापूर्वी अर्धा तास सर्वांत वरच्या डेकवर उजव्या कठड्याशी जागा धर. आधी टगबोटी जहाजाला धक्क्यापासून दूर करताना दिसतील. जहाज दक्षिणेकडे वळले की उजव्या हाताला नौदलाची गोदी, मग गेटवे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल आणि पुढे कुलाबा दिसेल. डाव्या बाजूला मागे घारापुरीचे डोंगर राहतील आणि हवा स्वच्छ असली तर पिछाडीकडे, उत्तरेला, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतूही दिसेल. कुलाब्याच्या टोकापलीकडे प्रॉन्ग्स रीफचा दीपस्तंभ आहे. बंदर ओलांडल्यावर डाव्या कठड्याशी जा. थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटे दिसतील, उंदेरी आणि खांदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. अंधार पडला असेल, तर त्याच्या दीपस्तंभाचा प्रकाश तुला ओळखता येईल. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हेही त्याच बारांतले, आणि गोव्याच्या वाटेवरचेच. पण ते मागे पडतील तेव्हा रात्र असेल आणि तू झोपलेली असशील.

आणि एक दृश्य मुळीच चुकवू नकोस. बंदरातून जहाज बाहेर काढण्यासाठी बंदराचा वाटाड्या, ज्याला पायलट म्हणतात, तो कप्तानाच्या शेजारी उभा असतो. खोल समुद्र आला की एक छोटी बोट जहाजाला चिकटून धावू लागते आणि तो पायलट चालत्या जहाजाच्या कुशीवरून दोराच्या शिडीने उतरून तिच्यात पाय ठेवतो. कोणत्या बाजूची शिडी सोडणार आहेत, हे डेकवरच्या खलाशाला आधी विचारून ठेव.