सरकार बदललं तर आमच्या गावचा सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प बंद पडेल का?

वीज सुरू झाली असेल तर सहसा नाही. प्रकल्प अजून कागदावर असेल तर मात्र रखडू शकतो. कारण साधं आहे: महावितरणचा वीजखरेदी करार २५ वर्षांचा असतो, सरकार पाच वर्षांचं. शिवाय शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी ही योजना २०१७ ची. मधे २०१९ ला आणि २०२२ ला सत्ता बदलली, तरी ती टिकली आणि २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.०' म्हणून वाढवली गेली. दिवसा वीज नको म्हणणारा पुढारी मराठवाड्यात तरी निवडून येणार नाही! रात्री विहिरीवर मोटार चालू करायला जाणाऱ्याला पक्ष विचारून बघा.

खरं भांडण मुंबईत नाही, गावात होतं, आणि ते गायरानावरून. प्रकल्पाला बऱ्याचदा तीच जमीन लागते. तिथे गुरं चरतात, कित्येक भूमिहीन कुटुंबं वर्षानुवर्षं ती कसतात. त्यात सरपंचाचा गट आणि विरोधी गट समोरासमोर आले की काम अडलंच. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणारे १५ लाख रुपयेही मग वादाचाच विषय होतात.

एक मात्र वेगळं धरा: साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची मोफत वीज ही २०२४ ची स्वतंत्र योजना आहे, मार्च २०२९ पर्यंतची. ती पुढे चालेल की नाही, हे राजकारणच ठरवेल.