सातारा-सांगलीकडे धबधबे बघत दिवसभर चालायला कुठे जावं? चुनखडीच्या डोंगरांसारखं इथे काही आहे का?

तुम्ही क्रोएशियातल्या प्लिटविसला जाऊन आलात आणि तसंच धबधब्यांच्या कडेने दिवसभर पायी हिंडता येईल असं सातारा किंवा सांगलीत काही आहे का, असं विचारलंय. आहे. माझं उत्तर साताऱ्याजवळचं कासचं पठार ते भांबवली गावचा वजराई धबधबा. पण प्लिटविस डोळ्यासमोर ठेवून येऊ नका. तिथला दगड वेगळा, इथला वेगळा, आणि धबधबा कसा पडणार हे दगडावर ठरतं.

प्लिटविस चुनखडीच्या मुलखात आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. म्हणून अशा डोंगरांत ओढे मध्येच जमिनीत गडप होतात, गुहा तयार होतात आणि कुठेतरी खाली झरा फुटतो. विरघळलेला चुना पाणी सोबत नेतं आणि जिथे ते उसळतं तिथे तो शेवाळावर, काटक्यांवर बसत जातो. त्याचेच बांध झाले आणि बांधांमागे ती १६ तळी साठली. म्हणजे तिथलं पाणी आपला बांध स्वतःच वाढवत असतं.

आपल्याकडे पाणी फक्त खातं. सह्याद्रीचा काळा कातळ हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर चढलेला. घट्ट पाषाणाचा एक थर, त्याला लागून विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ थर, मध्येच लाल मातीचा पट्टा. पाणी मऊ थर कोरून काढतं, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. कडा असा मागे मागे सरकत जातो. म्हणून आपले मोठे धबधबे बहुधा टप्प्याटप्प्याने पडतात. कुठलाही उभा कडा उन्हात नीट बघा, आडवे पट्टे मोजता येतात.

चुना आपल्याकडे आहे तो शेतात. सांगलीच्या द्राक्षवाल्यांना चुनखडीची जमीन काय त्रास देते ते विचारा, पानं पिवळी पडण्यापासून सगळं सांगतील. जुन्या किल्ल्यांच्या बांधकामालाही चुना लागायचाच, वासोटा किल्ल्यावर चुना मळायचा घाणा अजून बघायला मिळतो. पण चुनखडीचा डोंगर, त्यात नदी गडप होते वगैरे बघायचं तर मेघालयासारखं ठिकाण गाठावं लागेल.

सांगलीचं थोडक्यात सांगतो. शिराळा तालुक्याचा पश्चिमेकडचा, चांदोलीला लागून असलेला भाग सोडला तर धबधब्यांसाठी सांगलीत येऊ नका. जत, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. माणूस तिथे पाण्यासाठी चालतो, धबधब्यासाठी नाही.

आता वाट. साताऱ्याहून बामणोलीला जाणारी एसटी कासवरून जाते. सकाळची पहिली मिळेल ती पकडा. यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. उजवीकडे खाली कण्हेर धरणाचं पाणी, डावीकडे उरमोडी धरण आणि त्याच्या डोक्यावर सज्जनगड. एसटीत खिडकी कुठली धरायची यावर साताऱ्यात दोन मतं आहेत; मी डावीकडचा.

कासच्या पठारावर उतरा. हे पठार १२०० मीटरच्या आसपास उंच आहे, २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी इथे फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मंगळवार-बुधवार गाठलात तर सुखी व्हाल. पठारावरून जुना राजमार्ग महाबळेश्वरकडे जातो. त्या वाटेने कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत जा आणि परत या. बरेच लोक कुंपणापाशी फोटो काढून निघून जातात, त्यामुळे या वाटेवर गर्दी पटकन विरळ होते.

चालताना पायाखाली बघा. हा जांभा आहे, काळा कातळ ऊन-पावसात झिजून, त्यातलं बरंच काही वाहून जाऊन उरलेला लोखंडाचा लाल दगड. सगळा भोकाभोकांचा. वर मातीचा थर जेमतेम, त्यात नत्र जवळजवळ नाही, म्हणून सीतेची आसवं ही इवली निळी फुलं किडे पकडून पोट भरतात. गेंद, तेरडा, सोनकी यांचे गालिचे सगळ्यांना दिसतात. आसवांसाठी मात्र गुडघे टेकावे लागतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, ते वर्ष आधी विचारून घ्या.

जांभ्याचं दुसरं काम पाणी धरून ठेवण्याचं. पाऊस त्याच्या भोकांतून आत मुरतो, खालच्या घट्ट कातळाला अडतो आणि दोन दगडांच्या सांध्यातून बाहेर झिरपतो. पाऊस उघडल्यावरही पुढे काही आठवडे ओढे वाहतात ते यामुळे. गुहासुद्धा आपल्याकडे सापडतात त्या जांभ्यात, पाचगणीच्या टेबललँडच्या पोटात आहेत तशा. पण हे साठवण थोड्या दिवसांचं. चुनखडीचा डोंगर पोटात पाणी धरून वर्षभर झरे चालवू शकतो. आमचे बहुतेक ओढे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत.

पठारावरून पुढे कासचा तलाव. इंग्रजी अमदानीतला. साताऱ्याला यातलं पाणी उताराने येतं, पंप लागत नाही. त्यामुळे तिथे पाय बुडवून बसलेल्या पर्यटकांकडे सातारकर जरा वेगळ्या नजरेने बघतात, हे समजून घ्या. डबा इथेच खाऊन घ्या. तलावापासून भांबवली पाचेक किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण वर्दळ कमी आणि दोन्ही बाजूंना रान. गावात स्थानिक समिती प्रवेशाचे थोडे पैसे घेते, ते द्या, आणि पुढे रानातल्या पायवाटेने वजराई धबधब्याकडे उतरा.

वजराईची उंची तीन टप्पे मिळून १८४० फूट, म्हणजे ५६० मीटर सांगतात. देशात सगळ्यात उंच हाच की दुसरा कुठला, यावर लोक भांडत असतात, मला त्यात रस नाही. समोरून तीन टप्पे सरळ दिसतात आणि मघाशी सांगितलेले घट्ट-मऊ थर तिथे एका नजरेत कळतात. पठारावर झिरपताना दिसलेलं पाणी ज्या खोऱ्यात उतरतं ते हे, उरमोडी नदीचं. पुढे तेच परळीजवळ, एसटीतून दिसलेल्या उरमोडी धरणात अडतं, त्यातलं काही माण-खटावच्या दुष्काळी शिवारात जातं, उरलेलं कृष्णेला मिळून सांगलीकडे. कासच्या रस्त्याच्या पलीकडे, बामणोलीच्या बाजूला पडलेला पाऊस मात्र कोयनेच्या जलाशयात जातो. त्यातला बराचसा वीज करून पोफळीकडून कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. एकाच धारेवर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात.

कधी यायचं, याला महत्त्व जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सगळ्यात जास्त असतं आणि दिसत काहीच नाही. धुकं इतकं दाट की धबधब्यासमोर उभं राहून फक्त आवाज ऐकायचा. हौशी लोक तरीही येतात. मी सांगेन सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा: फुलं आहेत, पाणी आहे, आणि मधूनमधून ऊन पडतं. ऑक्टोबर लागला की गवत पिवळं पडायला लागतं, धार बारीक होते.

साध्या गोष्टी: जळवा असतात, तंबाखू-मीठ सोबत ठेवा आणि पायमोजे लांब घाला. ओल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, चांगल्या बुटांचाही तिथे टिकाव लागत नाही. धबधब्याच्या माथ्यावर आणि खालच्या डोहात जायचं नाही. वर कुठे पाऊस कोसळला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा फुगतो, आणि याच भागातल्या एकीव आणि केळवलीच्या धबधब्यांवर माणसं दगावलेली आहेत. मोबाइलची रेंज धरसोड असते. परतीच्या एसटीची वेळ सकाळी चालकाला किंवा वाहकाला विचारून ठेवा, कारण भांबवलीहून कास फाट्यापर्यंत पुन्हा चालत यायचं आहे. संध्याकाळी धुकं उतरलं की हा रस्ता लांबतो.

सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर हा बेत सोडा आणि ठोसेघरला जा. वाटेत सज्जनगड करा, समर्थांची समाधी बघा, दुपारचा प्रसाद तिथेच घ्या. ठोसेघरला वनखात्याने बांधलेल्या सज्जावरून समोरचा धबधबा बसल्या जागी दिसतो. तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, मुलांना त्या धबधब्यापेक्षा जास्त आवडतात.